भातातलं तण: बेणणी, कोळपं की तणनाशक?

जुलैअखेरीला लावणी उरकते आणि भात पिकवणाऱ्या वाचकांचे प्रश्न यायला लागतात. ‘मजूर मिळत नाहीत, कोणतं औषध मारू?’ ‘औषध मारलं तरी तण तसंच उभं आहे, दुकानदारानं फसवलं का?’ ‘शेजाऱ्याचं कोळपं आमच्या खाचरात फिरतच नाही, असं का?’ ‘बेणणीला सात हजार गेले, औषधात किती वाचले असते?’ प्रश्न रायगड-रत्नागिरीतून येवोत, मावळ-इगतपुरीतून येवोत की भंडारा-गोंदियातून, घोळ एकच असतो. बहुतेक जण बाटलीची किंमत आणि मजुरीचा दर समोरासमोर ठेवतात. तुलना खरी करायची असते ती पीक चाळीस दिवसांचं होईपर्यंत शेत स्वच्छ ठेवायला लागणाऱ्या एकूण खर्चाची. आणि तो खर्च किती येणार, हे बरंचसं लावणीच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. म्हणून हा लेख जमल्यास लावणीआधी वाचा. लावणी झाली असेल, तर आज पीक किती दिवसांचं आहे हे आधी मोजा आणि मग पुढे चला.

पहिला प्रश्न: तुमची लागवड कोणत्या प्रकारची?

तुमच्यापुढे कोणते पर्याय खुले आहेत, ते यावर ठरतं.

- चिखलणी करून ओळीत लावणी: तिन्ही वाटा मोकळ्या. बेणणी करा, कोळपं चालवा किंवा तणनाशक वापरा.
- चिखलणी करून, पण आडवीतिडवी लावणी: उक्त्यानं किंवा हुंड्यानं दिलेली लावणी बहुधा अशीच होते. कोळप्याची वाट इथं बंद होते. उरतात बेणणी आणि तणनाशक.
- थेट पेरणी: आवत्या, ड्रम सीडरनं मोड आलेल्या बियाण्याची पेरणी, टोकण किंवा गादीवाफ्यावरची एसआरटी (सगुणा बागेची बिननांगरणीची पद्धत). इथं तणाचा जोर सर्वांत जास्त असतो.

लावणीच्या भातात रोप तणापेक्षा तीन आठवड्यांनी मोठं असतं आणि उभ्या पाण्यात बरंचसं तण उगवतच नाही. थेट पेरणीत भात आणि तण एकाच दिवशी जमिनीतून वर येतात. लावणीची मजुरी वाचली म्हणून थेट पेरणीकडे वळणाऱ्यांनी एवढं आधीच हिशेबात धरावं: वाचलेल्या पैशांतला एक भाग तणावर खर्च होणार आहे.

किती दिवस शेत स्वच्छ हवं?

पूर्ण हंगामभर नव्हे. लावणीच्या भाताला पहिले ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे, थेट पेरणीच्या भाताला पेरणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून ४५ दिवसांपर्यंत. या काळात फुटवे येतात. तण याच वेळी खत आणि उजेड खाऊन गेलं, तर नंतर कितीही बेणलं तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. भात एकदा दाटला, की तो आपल्या सावलीनं उशिराचं तण दाबून टाकतो.

यातून दोन निर्णय निघतात:

- पहिली बेणणी लावणीनंतर १५ ते २० दिवसांत, दुसरी ३० ते ४० दिवसांत. पैसे एकाच बेणणीपुरते असतील, तर ते पहिलीवर घाला.
- युरियाचा हप्ता बेणणीनंतर द्या. तणात दिलेला युरिया आधी तणाला लागतो.

तण ओळखा, मग उपाय ठरवा

खाचरातल्या तणाचे तीन गट असतात. गवतवर्गीयात सावा, पाखड. लव्हाळावर्गीयात लव्हाळा आणि त्याच्या जातीची तिधारी खोडाची तणं. रुंद पानांच्यात माका, केना, पाणलवंग. गट कळला नाही, तर औषधाची निवड चुकते, कारण बरीच तणनाशकं एखाद-दोन गटांवरच चालतात.

सर्वांत फसवं तण म्हणजे सावा. रोपवाटिकेत तो भातासारखाच दिसतो, रोपांबरोबर उपटला जातो, जुडीतून खाचरात जातो आणि मजुरी देऊन आपणच त्याची लावणी करून घेतो. ओळखायची खूण पानाच्या बेचक्यात आहे. पान खोडाला जिथं बिलगतं, तिथं हलकेच ओढून पाहा. भाताला त्या जागी पातळ, पांढुरकी जिभली आणि दोन बाजूंना बारीक केसाळ कानासारखे भाग असतात. साव्याला यातलं काहीच नसतं, तो सांधा अगदी गुळगुळीत असतो. रोपं उपटणाऱ्या बायांना ही खूण एकदा दाखवून द्या. जुड्या बांधतानाच सावा बाजूला पडेल.

दुसरं अवघड तण म्हणजे करगा किंवा रानभात. तो भाताचाच भाऊबंद असल्यानं साध्या वाणाच्या उभ्या पिकात त्याला मारून भात वाचवणारं औषध नाही. दाणे झडण्याआधी उपटणं, प्रमाणित बियाणं वापरणं आणि ज्या शेतात तो माजला तिथं थेट पेरणी सोडून ओळीत लावणी करणं, हेच उपाय. छत्तीसगडमध्ये ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचं वाण यासाठीच वापरलं गेलं: हिरवं दिसेल ते उपटायचं.

आधी कमी खर्चाची कामं

1. बियाणं मिठाच्या पाण्यातून काढा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे आणि बरंचसं हलकं तणबी तरंगतं, ते काढून टाका. तळाचं बियाणं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.
2. रोपवाटिका तणमुक्त ठेवा. तिथला एक तास बेणणीतला एक दिवस वाचवतो. कोकणात राब भाजताना तणाचं बी काही प्रमाणात जळतं; जे भाजत नाहीत, त्यांनी रोपवाटिका नक्की बेणावी.
3. दोन चिखलण्यांत आठवडा-दहा दिवसांचं अंतर ठेवा. पहिल्या चिखलणीनंतर उगवलेलं तण दुसऱ्या चिखलणीत गाडलं जातं.
4. खाचर सपाट करा. उंचवट्यावर पाणी टिकत नाही आणि तण नेमकं तिथंच माजतं.
5. पाणी राखा. रोपं रुजल्यावर ३ ते ५ सेंटिमीटर पाणी सतत ठेवलं, तर उगवणारं तण निम्म्याहून खाली येऊ शकतं.
6. बांध फुलण्याआधी कापा. बांधावरचं बी पुढच्या पावसात खाचरातच उतरतं.

पद्धत पहिली: हातबेणणी

*जमेची बाजू:* सगळ्या प्रकारचं तण निघतं, सावा आणि करगाही. पिकाला इजा नाही, पाण्यात विष नाही, काढलेलं गवत गुरांना जातं. आडव्यातिडव्या लावणीतही चालते.

*खर्चाची बाजू:* मजुरी. सगळ्या गावाची बेणणी एकाच पंधरवड्यात येते. मजूर आठवडाभर उशिरा मिळाले, की तण दाट होतं, मुळं घट्ट होतात आणि ज्या एकराला बारा माणसं पुरली असती, तिथं अठरा लागतात. उशिराच्या बेणणीत तुम्ही जास्त पैसे देता आणि तोवर नुकसानही होऊन गेलेलं असतं.

*काय करावं:* मजुरांशी बोलणी लावणीच्या वेळीच करा, तारीख ठरवून. दोन-चार घरं मिळून सावडीनं बेणणी केली, तर रोख पैसा लागत नाही आणि कामही वेळेत होतं. सकाळी खाचरात थोडं पाणी असू द्या. तण मुळासकट सुटतं. उपटलेलं तण खाचरातच टाकू नका, पाण्यात ते पुन्हा मुळं धरतं. बांधावर टाका, गुरांना घाला किंवा चिखलात खोल दाबा.

पद्धत दुसरी: कोळपं

यात तीन प्रकार मिळतात: जपानी कोळपं, दोन शंकूंचं कोनोवीडर आणि इंजिनवर चालणारं पॉवर वीडर. तिन्हींना एकच अट आहे, सरळ आणि पुरेशी रुंद ओळ. हाताच्या कोळप्याला ओळींत २० ते २५ सेंटिमीटर अंतर हवं. पॉवर वीडरचं पातं किती रुंद आहे ते मोजल्याशिवाय लावणी करू नका. ‘आमच्या खाचरात कोळपं फिरत नाही’ या तक्रारीचं मूळ जवळपास नेहमी इथंच सापडतं.

- डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत सुधारित दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असं आळीपाळीनं अंतर ठेवून लावणी होते. २५ सेंटिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात कोळपं आरामात चालतं.
- ‘श्री’ पद्धतीत दोन्ही दिशांना २५ सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे कोळपं आडवं-उभं फिरवता येतं आणि हाताचं काम फार कमी उरतं.
- पहिली कोळपणी लावणीनंतर १० ते १२ दिवसांनी, पुढच्या दहा-दहा दिवसांनी. एकूण तीन पुरतात.
- खाचरात २ ते ३ सेंटिमीटर पाणी हवं. कोरड्यात कोळपं रुततं, जास्त पाण्यात तरंगतं.
- कोनोवीडरनं एका माणसाचं दिवसाला अर्ध्या एकराहून थोडं कमी काम होतं.

कोळप्यानं तण चिखलात गाडलं जातं आणि माती मोकळी होते, हा जादा फायदा. पण चुडाला चिकटून उगवलेलं तण कोळप्याला सापडत नाही; ते हातानंच काढावं लागतं. खर्च मांडताना तेवढी मजुरी विसरू नका. ओळीत लावणीला दोरी धरण्याचा वेळ आणि थोडे जादा मजूर लागतात, तेही याच खात्यात धरा.

पद्धत तिसरी: तणनाशक

सर्वाधिक गोंधळ इथं आहे. तणनाशकं दोन प्रकारची असतात आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

उगवणीपूर्व तणनाशक उगवणाऱ्या कोंबाला मारतं. हिरवं, वर आलेलं तण त्यानं मरत नाही. लावणीनंतर दहाव्या दिवशी ब्युटाक्लोर मारून ‘तण तसंच आहे’ म्हणणाऱ्यांचं औषध बहुधा चांगलं असतं, दिवस चुकलेला असतो.

लावणीच्या भातासाठी नेहमीचे पर्याय, एकरी मात्रेसह:

- प्रेटिलाक्लोर ५० ईसी: ४०० ते ६०० मिलि, लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत.
- ब्युटाक्लोर ५० ईसी: १ ते १.६ लिटर, लावणीनंतर ५ दिवसांच्या आत.
- बेनसल्फ्युरॉन मिथाईल ०.६ टक्के अधिक प्रेटिलाक्लोर ६ टक्के दाणेदार: ४ किलो, लावणीनंतर ३ दिवसांच्या आत, वाळूत मिसळून फेकून. पंप लागत नाही, त्यामुळे लहान खाचरांना सोयीचं.

हे देताना खाचरात २ ते ३ सेंटिमीटर उभं पाणी हवं आणि पुढचे चार-पाच दिवस ते बाहेर जाता कामा नये. कोकणात एका खाचराचं पाणी दुसऱ्यात उतरतं. पाणी वाहतं असेल, तर औषध शेजाऱ्याच्या खाचरात किंवा ओढ्यात जातं. चढणीचे मासे आणि खेकडे याच पाण्यात असतात. ब्युटाक्लोर माशांना घातक आहे. पाणी अडवता येत नसेल, तर हा प्रकार टाळा.

उगवणीनंतरचं तणनाशक हिरव्या पानावर बसून काम करतं.

- बिसपायरीबॅक सोडियम १० एससी: एकरी ८० ते १०० मिलि, तण २ ते ४ पानांचं असताना. लावणीनंतर साधारण १० ते १५ दिवस, थेट पेरणीनंतर १५ ते २० दिवस. सावा, लव्हाळा आणि काही रुंद पानांच्या तणांवर चालतं.
- मेटसल्फ्युरॉन मिथाईल १० टक्के अधिक क्लोरीम्युरॉन इथाईल १० टक्के: एकरी ८ ग्रॅम, चिकटद्रव्यासह. रुंद पानं आणि लव्हाळ्यावर चालतं. साव्यासाठी याच्यावर विसंबू नका.

फवारणीच्या आदल्या दिवशी पाणी काढा, म्हणजे तणाची पानं उघडी पडतील. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी पाणी भरा आणि आठवडाभर राखा. पाच-सहा तास तरी पावसाची उघडीप हवी. बिसपायरीबॅकनंतर भात काही दिवस पिवळसर दिसू शकतो. तो सावरतो, घाबरून लगेच युरिया टाकू नका.

थेट पेरणी असेल, तर लावणीच्या भाताची यादी तशीच वापरू नका. मोड आलेल्या बियाण्यावर साधं प्रेटिलाक्लोर कोंबांना इजा करतं. तिथं पीकरक्षक घटक असलेलं ३०.७ ईसी मिळतं, ते घ्या. कोरड्या पेरणीत पेंडीमिथॅलिन ३० ईसी एकरी १.३ लिटरच्या आसपास, पेरणीनंतर तीन दिवसांत, ओलाव्यावर. त्यानंतर १५ ते २० दिवसांनी दुसरी फवारणी बहुतेक वेळा करावीच लागते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटीत नांगरणी-चिखलणी नसते. चिखलणीनं जे तण गाडलं जातं, ते काम तिथं तणनाशकावर येतं. ती पद्धत घेणाऱ्यांनी तणाचं वेळापत्रक पेरणीआधी लिहून ठेवावं.

वरच्या मात्रा नेहमीच्या शिफारशींतल्या आहेत. तुमच्या हातातल्या डब्याच्या लेबलावर जे छापलं असेल, ते अंतिम माना.

पंपाचं माप काढा

‘पंपाला एक झाकण’ हे माप नव्हे. एक गुंठा मोजून घ्या, पंपात साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीनं फवारा आणि किती लिटर लागलं ते पाहा. समजा, ४ लिटर लागलं. एकराचे ४० गुंठे, म्हणजे १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप. प्रेटिलाक्लोर एकरी ५०० मिलि द्यायचं, तर प्रत्येक पंपाला ५० मिलि. आठ गुंठ्यांच्या खाचराला १०० मिलि, दोन पंपांत. नोझल पंख्यासारखा चपटा फवारा देणारा घ्या. कीटकनाशकाच्या गोल फवाऱ्याच्या नोझलनं पट्टे सुटतात.

खर्चाचा ताळा: एका एकराचं उदाहरण

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. मजुरी सगळ्यांना दिवसाला ३५० रुपये, उगवणीपूर्व औषध ५०० रुपये आणि नंतरचं औषध ८०० रुपये धरलं आहे. तण मध्यम आहे. तुमच्या गावचा दर आणि दुकानातली किंमत घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

- अ. दोन हातबेणण्या: १२ + ८ = २० मजूर. एकूण ७,००० रुपये.
- ब. तीन कोळपण्या आणि चुडाजवळची बेणणी: कोळपणी साडेसात दिवस, २,६२५ रुपये. हाताचं काम ४ मजूर, १,४०० रुपये. ओळीत लावणीचे जादा ३ मजूर, १,०५० रुपये. कोळप्याचा घसारा २०० रुपये. एकूण ५,२७५ रुपये.
- क. उगवणीपूर्व औषध आणि एक बेणणी: औषध ५००, फवारणी ३५०, बेणणी ७ मजूर २,४५० रुपये. एकूण ३,३०० रुपये.
- ड. दोन तणनाशकं आणि उरलेलं तण उपटणं: औषधं १,३००, दोन फवारण्या ७००, २ मजूर ७०० रुपये. एकूण २,७०० रुपये.

आता हे आकडे धानात मोजा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. अ आणि ड यांतला फरक ४,३०० रुपयांचा, म्हणजे पावणेदोन क्विंटलांहून थोडा जास्त. क आणि ड यांतला फरक मात्र फक्त ६०० रुपयांचा, म्हणजे साधारण २५ किलो धानाचा. तेवढ्या पैशात एका पूर्ण बेणणीनं औषधाला न जुमानलेला सावा, करगा आणि भेसळीची रोपं निघतात आणि पुढच्या वर्षीच्या तणाचं बी शेतात पडत नाही. म्हणून लावणीच्या भातासाठी बहुतेकांना ‘क’ हा सर्वांत भरवशाचा पर्याय ठरतो.

घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरीही मांडा. त्या दिवसांत बाहेर काम मिळण्यासारखं असेल, तर पूर्ण दरानं; नसेल, तर रोख खर्च शून्य धरायला हरकत नाही. बेणणीच्या दिवसांत घरच्या बाईचा जो वेळ जातो, तो ‘फुकट’ म्हणून सोडून देऊ नका.

कुणी काय निवडावं?

- अर्ध्या एकरापर्यंत शेत, घरचे हात, सावड शक्य: वेळेवर दोन बेणण्या. औषधाची गरज नाही.
- पाणी हाताशी, ओळीत लावणीची तयारी: कोळपं. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्यांना कोळपं आणि हातबेणणी हाच मार्ग. सोबत ताग-धैंचा गाडणं आणि पाणी राखणं.
- दोन एकरांहून जास्त, मजुरांची टंचाई: उगवणीपूर्व औषध आणि एक बेणणी.
- उतारावरची, पाणी न ठरणारी खाचरं: उगवणीपूर्व औषध टाळून पहिली बेणणी लवकर करा, किंवा पाऊस उघडल्यावर उगवणीनंतरचं औषध.
- थेट पेरणी: दोन वेळचं तणनाशक आणि एक हात फिरवणं. एवढी तयारी नसेल, तर यंदा थेट पेरणी करू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- सोयाबीनचा पंप भातात. सोयाबीनला वापरलेल्या इमेझेथापायरचा अंश पंपात राहिला, तर साधा भात करपतो. बासमतीची जी मोजकी वाणं या औषधाला तग धरतात, ती पंजाब-हरियाणाकडच्या बासमती पट्ट्यासाठी आहेत. ऐकीव माहितीवर आपल्या वाणावर प्रयोग नको. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.
- दरवर्षी तेच औषध. एकाच गटाचं औषध वर्षानुवर्षं मारलं, की त्याला न जुमानणारा सावा शेतात शिल्लक राहतो आणि वाढतो. नुसता ब्रँड बदलून भागत नाही. बिसपायरीबॅक, पेनॉक्सुलम, पायरॅझोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन ही नावं वेगळी असली, तरी तणाला मारायची रीत एकच आहे. प्रेटिलाक्लोर आणि ब्युटाक्लोरही एकमेकांचे सख्खेच. फेरपालट गटाची करा आणि मधून एखाद्या वर्षी बेणणी-कोळप्यावर भर द्या.
- ‘जास्त घातलं तर जास्त मरेल’. जास्त मात्रेनं भाताचे फुटवे खुंटतात.
- तणनाशक, कीटकनाशक आणि युरिया एकाच पंपात. लेबलावर परवानगी नसेल, तर मिसळू नका.
- वाऱ्यात टू-फोर-डी तणनाशक. कडेच्या भाजीपाल्यावर, कपाशीवर, द्राक्षावर उडालेला शिंतोडाही नुकसान करतो. भरपाईचा वाद मग तुमच्या दारी येतो.
- फवारलेलं गवत गुरांना. अजिबात घालू नका.
- उघड्या अंगानं फवारणी. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. पॅराक्वाटसारख्या औषधावर उतारा नाही. उभ्या भातात त्याचं काम नाही आणि घरातही ते ठेवू नका.

तुमचे हक्क

1. पक्कं बिल. कीटकनाशक कायदा, १९६८ तणनाशकांनाही लागू आहे. परवानाधारक दुकानातूनच खरेदी करा. बिलावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक, अंतिम मुदत आणि किंमत हवी. बिल आणि रिकामा डबा हंगाम संपेपर्यंत जपा. तक्रारीचा पुरावा तोच.
2. माहितीपत्रक. डब्यासोबत पीक, मात्रा, वेळ आणि विषबाधेवरचे उपचार सांगणारं पत्रक असतं. ते मागून घ्या. लेबलावर ‘भात’ हे पीक नसेल, तर औषध घेऊ नका.
3. जोडविक्रीला नकार. ‘हे घेतलंत तरच ते मिळेल’ अशी सक्ती कुणी केली, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.
4. पीक जळलं किंवा औषध निकामी निघालं, तर त्याच दिवशी फोटो काढा, थोडा भाग न फवारलेला असेल तर तो तसाच ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून पाहणी आणि पंचनामा करून मागा.
5. ग्राहक आयोग. शेतकरीही ग्राहक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१.
6. अवजारांना अनुदान. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेतलं, तर अनुदान हातचं जातं.
7. अपघात. औषधाची विषबाधा किंवा सर्पदंश झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे.
8. मजुरांचे हक्क. समान कामाला बाई-पुरुष समान मजुरी, हे कायद्यानं १९७६ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडची बेणणी बहुतांशी बायाच करतात. त्यांना योग्य मजुरी, फवारलेल्या खाचरात लगेच न उतरवणं आणि फवारणाऱ्याला हातमोजे-मास्क देणं ही जबाबदारी शेतमालकाची आहे.

आता करायचं काम

एक वही घ्या. लावणीची तारीख, पहिली बेणणी, औषधाचं नाव आणि दिवस, लागलेली माणसं, दिलेले पैसे आणि शेवटी निघालेलं धान, एवढं प्रत्येक खाचराचं लिहा. शक्य असेल, तर एकाच शेतात चार गुंठ्यांत कोळपं आणि चार गुंठ्यांत औषध असं करून पाहा. कर्जत, शिरगाव, वडगाव मावळ, साकोली, सिंदेवाही इथल्या भात संशोधन केंद्रांत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ही वही घेऊन गेलात, तर तुमच्याच जमिनीचा, तुमच्याच तणाचा सल्ला मिळेल. शेजाऱ्याला लाभलेलं औषध तुम्हाला लाभेलच असं नाही, पण वेळेवर काढलेलं तण प्रत्येकाला लाभतं. म्हणून पद्धत कोणतीही निवडा, ती लावणीआधी निवडा आणि पहिल्या वीस दिवसांत पहिला हात फिरवाच.